एकट्याची सीट

"हे काय आणलंत?"

"वळख बघू."

आमचे यजमान, शिवानंद मगदूम, दारात उभे होते. पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी छातीशी असं धरलं होतं, की बारशाला आलेली मावशीसुद्धा पोराला इतकं जपत नाही. त्यांनी पोतं सोडलं. आत काळ्या कातड्याची एक सीट होती. पुढं निमुळती, मागं ऐसपैस, आणि खाली मनगटाएवढ्या जाड दोन स्प्रिंगा.

"बुलेटची हाय," ते म्हणाले.

"आणि बुलेट?"

"बुलेट पुढं बघू."

नाल सापडला म्हणून घोडा घेणाऱ्या माणसाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण त्या माणसानं निदान घोडा तरी घेतला. आमच्याकडं तसला काही बेत नव्हता. अण्णाप्पा नावाच्या त्यांच्या मित्रानं आपल्या बुलेटला नवी लांब सीट बसवली होती आणि जुनी यांच्या गळ्यात मारली होती. ती आता आमच्या गाडीला बसायची होती. आमची गाडी शंभर सीसीची, दुसऱ्याच कंपनीची. कंपनीचं नाव सांगत नाही. त्या बिचारीचा यात काही दोष नव्हता.

अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हशीचं दूध काढून आत आल्या. सीटकडं बघून त्या कानडीत काहीतरी बोलल्या. बऱ्यापैकी लांबलचक बोलल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"झकास हाय म्हणतीय," शिवानंद म्हणाले.

इथं आमच्या घरातली व्यवस्था सांगायला हवी. अव्वा हुक्केरीकडच्या एका खेड्यातल्या. लग्न होऊन गडहिंग्लजला आल्या तरी घरात त्यांचं कानडीच चालू राहिलं. मी कराडची. आमचा कानडीशी संबंध मठातल्या स्वामींच्या आशीर्वादापुरता. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी माझं कानडी ये, जा, पाणी, जेवण, पुरे यांच्यापुढं सरकलं नव्हतं आणि अव्वाचं मराठी भाजीच्या भावापुढं. त्यामुळं आम्हा दोघींमधला सगळा कारभार शिवानंद बघायचे. अव्वा बराच वेळ बोलायच्या आणि ते मला सांगायचे, "पंजाबी ड्रेस नको म्हणतीय." मी बराच वेळ बोलायची आणि ते अव्वाला दोन शब्दांत काहीतरी कळवायचे. दोन्ही भाषा लागेल तशा आटोपशीर होत. मी अडून राहिले की अव्वा माझ्याकडं बघून हात हलवायच्या, "अवगा केळ," म्हणजे त्याला विचार. हे दोन शब्द मी त्यातल्या त्यात लवकर शिकले.

तर या मार्गानं मला समजलं होतं, की पंचमीला माहेरी जाणं अव्वाला आवडत नाही. शेजारी टीव्ही बघायला जाणं आवडत नाही. जेवताना बोललेलं आवडत नाही. नोकरी तर मुळीच आवडत नाही, पण शिवानंदांनी कशीबशी समजूत घातली आहे. मनातल्या मनात मी अव्वाला 'सरकार' म्हणायची. सरकार दिवसभर समोर बसून शेंगा फोडायचं आणि हुकूम मात्र संध्याकाळी नवऱ्याच्या तोंडून यायचे.

माझी नोकरी चंदगड रस्त्यावरच्या मुगळेवाडीच्या हायस्कुलात, विज्ञान शिकवायची, तात्पुरती. शिवानंद साखर कारखान्याच्या गट ऑफिसात. ते त्याच रस्त्यावर, थोडं पुढं. रोज सकाळी ते मला शाळेच्या फाटकाशी सोडायचे आणि संध्याकाळी घेऊन यायचे. गाडी माझ्या वडिलांनी लग्नात दिलेली, त्यामुळं तिच्यावर निम्मा हक्क माझा होता. तो मी मागच्या बाजूला, आडवं बसून, एका हातानं डबा आणि दुसऱ्या हातानं पदर सांभाळत बजावत होते.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी शाळेतून येताना आम्ही रसूल मिस्त्रींच्या गॅरेजात थांबलो.

रसूल मिस्त्री हा जगातला सर्वांत होकारार्थी माणूस. त्यांना कुणी विमानाचं चाक बैलगाडीला लावता येईल का विचारलं असतं, तरी ते म्हणाले असते, "लागतंय की." त्यांनी सीट हातात घेतली, फिरवली, तिच्यावर एक थाप मारली.

"बसतंय का?" शिवानंदांनी विचारलं.

"बसतंय की! का बसत नाही?"

मग ती बसवायला घेतल्यावर कळलं, की हिची भोकं एकीकडं आणि गाडीची दुसरीकडं. स्प्रिंगा बॅटरीच्या डब्यावर टेकत होत्या. पुढं टाकी आणि सीट यांच्यामध्ये एवढी फट राहत होती, की त्यातून मांजर गेलं असतं.

"पत्रिका जुळत नाही, मिस्त्री," मी म्हणाले.

"वहिनी, पत्रिका बघून कुणाचं जमलंय?" असं म्हणून त्यांनी करवत घेतली.

चासीला मागच्या बाजूला दोन ठिकाणी कापलं. लोखंडी पट्ट्या वेल्डिंग केल्या. बॅटरी थोडी खाली सरकवली. फटीत रबराचा तुकडा ठोकला. काढलेली लांब सीट मिस्त्रींनी भिंतीकडेला दोन विटांवर ठेवली आणि एक गिऱ्हाईक लगेच तिच्यावर जाऊन बसलं. मग मिस्त्रींनी मागची पायदाणं हातानं हलवून बघितली.

"ही काढू का? आता उगं वजन."

"काढा," शिवानंद म्हणाले.

"आणि मी?" मी विचारलं.

दोघांनीही माझ्याकडं बघितलं. मी तिथं आहे हे त्यांच्या आत्ताच ध्यानात आलं असावं.

"तुझ्यासाठी मागची गादी वेगळी मिळतीय," शिवानंद म्हणाले. "बघू पुढच्या म्हैन्यात."

'बघू' हा आमच्या घरातला सर्वांत टिकाऊ शब्द. बुलेट बघू, पंचमीचं बघू, आता त्यात माझी गादी आली. त्या संध्याकाळी ते गाडीवरून घरी गेले आणि मी डबा घेऊन चालत गेले.

नव्या सीटवर बसलेले शिवानंद हे बघण्यासारखं दृश्य होतं. ती सीट तिच्या मूळ गाडीवर राजासारखी शोभत असेल, नव्हे शोभतच होती. आमच्या गाडीवर ती उंटावर हौदा ठेवावा तशी दिसायची. त्यात शिवानंद अंगानं भरलेले पण उंचीनं बेताचे. गाडी थांबवायची म्हटली की ते एका अंगाला कलायचे आणि विहिरीचं पाणी किती गार आहे ते बघावं तसा डाव्या पायाचा अंगठा जमिनीला लावायचे. गाडी थांबली तरी स्प्रिंगा थांबत नसत. चौकात कुणाशी बोलताना ते थोडा वेळ वर-खाली होत बोलायचे. त्यामुळं त्यांच्या प्रत्येक वाक्याला आपोआप होकार मिळायचा.

मी वडापनं जाऊ लागले. ती जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि वडापवाल्याच्या लेखी जीप कधी भरत नाही. मागच्या दांडीला पोरं लोंबकळायला लागली की मग तो किल्ली फिरवणार. मी शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली असायची. रस्त्यात हमखास शिवानंद आम्हाला मागं टाकून जायचे, वर-खाली, वर-खाली. एकदा जीपमधली एक म्हातारी म्हणाली, "बघा गं, घोड्याशिवाय घोडेस्वार!" सगळे हसले. मीही हसले. ते माझे यजमान आहेत हे मी काही बोलले नाही.

आमचे मुख्याध्यापक कुंभार सर मवाळ माणूस. त्यांनी दोनदा नुसतं घड्याळाकडं बघितलं. तिसऱ्यांदा मला बोलावून घेतलं.

"मॅडम, शुक्रवारी मुलाखती आहेत. कायमची जागा आहे. संस्थेचे अध्यक्ष स्वतः येणार आहेत. तुमचं काम चांगलं आहे, पण त्या दिवशी उशीर करू नका. अध्यक्ष वाट बघत नाहीत."

मी घरी येऊन सांगितलं. शिवानंदांनी अव्वाला काहीतरी सांगितलं, अव्वा काहीतरी बोलल्या, आणि ते मान हलवत माझ्याकडं वळले.

"अव्वाला पटत नाही. वडापात लोकांच्या मांडीला मांडी लावून जाणं चांगल्या घरच्या बाईला शोभत नाही म्हणतीय. सोड म्हणतीय नोकरी."

"मग गाडीवरनं सोडा की मला."

"गाडीवर जागा कुठाय?"

खरंच होतं. जागा नव्हती. मी अव्वाकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत होत्या, आणि मला त्यांच्या त्या बघण्याचासुद्धा राग आला. त्या रात्री मी जेवले नाही. अव्वा ताट घेऊन दारापर्यंत आल्या, "ऊटा?" म्हणाल्या. मी तोंड फिरवलं.

शुक्रवारी मी इस्त्रीची साडी नेसून लवकर स्टँडपाशी गेले. तिथं एकही वडाप नव्हतं. आरटीओवाले रस्त्यावर उभे आहेत ही बातमी पोचली होती आणि सगळ्या जीपा आपापल्या मालकांच्या परड्यात जाऊन लपल्या होत्या. मुगळेवाडीची एस.टी. पहाटेच गेलेली, पुढची दुपारची. मी धावतच घरी परत आले. शिवानंद अंगणात गाडी पुसत होते. सीटला त्यांनी खोबरेल लावलं होतं.

"अहो, आज वडाप नाही. मला सोडा."

"कशावर बसवू?"

"मडगार्डवर बसते. पोतं घाला. काहीही करा."

"खुळी का काय? पायदाण नाही, धरायला काय नाही. पडलीस तर?"

"तर पडीन."

"हे बघ," त्यांनी आवाज उतरवला. समजूत घालताना ते नेहमी आवाज उतरवायचे. "नशिबात नाही म्हणून सोडून दे. तसंही अव्वाला हे पटत नाहीच."

अव्वा उंबऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या. आपलं नाव ऐकून त्यांनी मान वर केली. हातातली जुडी खाली ठेवली आणि एकेक शब्द शोधत, चक्क मराठीत विचारलं,

"मला काय पटत नाही?"

शिवानंदांच्या हातातलं फडकं सीटवर गोल गोल फिरत राहिलं.

"नोकरी," मी म्हणाले. "तुम्हाला माझी नोकरी पटत नाही. वडाप पटत नाही. माहेरी गेलेलं पटत नाही."

"मी?" अव्वांनी छातीवर हात ठेवला. "मी कवा बोललं?"

"अव्वा, तू गप बस, तुला मराठी नीट..." शिवानंद पुढं सरकले.

"तू गप." हे मात्र अव्वांनी अस्खलित मराठीत सांगितलं. मग माझ्याकडं वळून, जमेल तेवढं मराठी, उरलेलं कानडी आणि बाकीचं हातांनी असं करत त्या बोलू लागल्या. त्याचा अर्थ लावायला मला काहीच अडचण आली नाही. "ह्यो मला सांगतंय, तूच नोको म्हणतंय. तुझं कंबर दुकतंय. मागं बसायला नोको, म्हणून शीट बदललं. पंचमीला मी लाडू केलं होतं तुझ्या आईला द्यायला. ह्यो सांगतंय, तूच जायाला नोको म्हणतंय. मला वाटलं, सून शिकल्यालं हाय, मोठ्या गावचं हाय, तिला आमच्यासंगं बोलायला आवडत नसंल."

मी दोन वर्षं जिच्यावर मनातल्या मनात दात खात होते ती बाई माझ्यासमोर उभी राहून मला विचारत होती, की मी तिच्यावर का रुसले आहे.

"का?" मी शिवानंदांना विचारलं. आवाज चढला नव्हता. चढवायलाही जोर लागतो, तो नव्हता. "का केलंत असं?"

ते फडक्याच्या घड्या घालत राहिले.

"चौकात नाव ठेवलंय मला," शेवटी ते म्हणाले. "रोज तुला सोडतोय, आणतोय. अण्णाप्पा, सगळीच. मी दिसलो की म्हणत्यात, आला मॅडमचा ड्रायव्हर. चहाच्या हॉटेलातलं पोरगं पण म्हणतंय."

"म्हणून सीट?"

"एकट्याची सीट असली तर कोण म्हणणार?"

आता सांगताना वाटतं, त्या वेळी मला हसू यायला हवं होतं. एका शब्दासाठी या माणसानं चासी कापली होती, वेल्डिंग केलं होतं, माझ्या पायाखालची पायदाणं काढली होती, आणि पाय जमिनीला टेकत नसताना महिनाभर चौकातून उड्या मारत फिरला होता. इतक्या खटाटोपात तो 'हो, आहे ड्रायव्हर' म्हणून मोकळा झाला असता. पण मला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. मला फक्त पंचमीचे लाडू दिसत होते. मी कधी न बघितलेले.

अव्वांनी चपला घातल्या. पदर खोचला.

"बा," त्या मला म्हणाल्या. ये.

"कुठं?" शिवानंदांनी विचारलं.

आमच्या म्हशीचं दूध ज्या टेम्पोतून डेअरीला जायचं, तो रिकामे कॅन घेऊन त्याच सुमाराला चंदगड रस्त्यानं परत निघायचा. अव्वा वळणावर रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला, अव्वांना ओळखलं आणि मुकाट्यानं दार उघडलं. मला पुढं बसवून अव्वा मागं कॅनांमध्ये बसल्या. मी नको नको म्हणत होते. "इस्त्री," त्या माझ्या साडीकडं बोट दाखवून म्हणाल्या. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मागून कॅनांचा खणखणाट यायचा आणि त्यात अव्वांचा आवाज, बहुतेक टेम्पोवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा.

आम्ही पोचलो तेव्हा अध्यक्षांची गाडी फाटकातून आत वळत होती.

मुलाखतीला आम्ही तिघं उमेदवार. माझा नंबर आला. अध्यक्षांनी प्रकाशाच्या परावर्तनाबद्दल विचारलं, मी सांगितलं. प्रयोगशाळेबद्दल विचारलं, मी सांगितलं. मग ते खुर्चीत मागं रेलले.

"काम उत्तम आहे म्हणतात तुमचं. पण बाई, एक अडचण ऐकली. तुमचे मिस्टर मागं कुंभार सरांना भेटले होते. तुमच्या सासूबाईंचा या नोकरीला विरोध आहे म्हणे. आम्ही आज कायम करायचं आणि उद्या घरच्यांनी बसवून ठेवायचं, असं नको व्हायला."

म्हणजे हुकूम इथपर्यंतही येऊन गेला होता. कुंभार सर टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागले.

"सासूबाई बाहेर व्हरांड्यात बसल्यात," मी म्हणाले. "त्यांनाच विचारा."

अव्वा आत आल्या. पदराला दुधाचे डाग, केसात टेम्पोतली धूळ. त्यांनी खुर्चीवर बसायला नकार दिला. अध्यक्षांनी आदबीनं विचारलं, "आजी, सुनेनं नोकरी केलेली तुम्हाला चालतंय का?"

मोठ्या माणसांसमोर अव्वांचं होतं नव्हतं तेवढं मराठी पळालं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग अध्यक्षांकडं, आणि ठामपणे म्हणाल्या,

"नन्न यारू केळिल्ल."

"काय म्हणतात?" अध्यक्षांनी मला विचारलं.

केळ. अवगा केळ. त्याला विचार. दोन वर्षांत हजारदा ऐकलेला तो शब्द मला ओळखू आला आणि बाकीचं आपोआप उलगडलं.

"त्या म्हणतात," मी सांगितलं, "मला कुणी विचारलंच नाही."

अध्यक्ष हसायला लागले होते, पण अव्वांचा चेहरा बघून थांबले. "मग आता विचारतोय," ते म्हणाले.

अव्वांनी मान डोलावली. इतकी जोरात, की भाषांतराची गरज पडली नाही.

त्या जागेवर मला कायम केलं. पुढं त्याच शाळेत मी मुख्याध्यापिका झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं आम्ही दोघी घरी आलो. एकाच सीटवर बसून वाटभर बोलत होतो. तिचं कानडी, माझं मराठी. निम्मं कळत नव्हतं, आणि त्या निम्म्यावरच आम्ही जास्त हसत होतो. तिचं लग्न झालं तेव्हा तिला मराठीतला एक शब्द येत नव्हता आणि तिच्या सासूनं तिला वर्षभर मुकी समजलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. 'अहो अव्वा' कधी 'अगं अव्वा' झालं, ते मात्र कळलं नाही.

शिवानंद ऑफिसातून आले तेव्हा आम्ही चुलीपुढं बसलो होतो. ते दारातच उभे राहिले. आत यावं की नाही याचा त्यांना अंदाज येत नव्हता. सकाळी निवडायची राहिलेली मेथी अव्वा निवडत होती. मान वर न करता ती माझ्याशी कानडीत काहीतरी बोलली. तो जेवलाय का विचार, एवढंच. हे मला पुरतं कळलं होतं.

"काय म्हणतीय अव्वा?" शिवानंदांनी दबक्या आवाजात मला विचारलं. ती माझ्याशी काय बोलली असेल याची त्यांना एवढी धास्ती होती, की स्वतःला कानडी येतं हेच ते विसरले होते.

मी भाकरी उलटली.

"आज भांडी तुम्ही घासायची, म्हणतीय."

त्यांनी एकदा अव्वाकडं बघितलं. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि न्हाणीत जाऊन बसले. थोड्या वेळानं तिथून भांड्यांचा आवाज यायला लागला. अव्वानं कान टवकारले. वाकून न्हाणीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"ह्यो काय करतंय?"

"काय माहीत," मी म्हणाले. "त्यांनाच हौस आली."

अव्वा माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिली. सगळं ओळखलं होतं तिनं. मग तिनं मेथीची जुडी परत मांडीवर घेतली आणि अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली,

"करू दे."